उभ्या गाडीवर ऐंशी

ऐंशी.

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचा स्पीडोमीटर आहे. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. पुढचे चाक हलत नाही, टाकीत पेट्रोल नाही, सीटवर कोंबडी बसली आहे. आणि माझा काटा ऐंशीवर आहे.

गेले वर्षभर तो तिथेच आहे. गावातली माणसे येतात, वाकून माझ्याकडे बघतात, तोंडात बोटे घालतात आणि जातात. उभी गाडी ऐंशीच्या वेगाने कशी पळेल, हा प्रश्न एकालाही पडत नाही. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. माझ्याजवळ फक्त एक काटा आहे, आणि तोच अडकला आहे.

तुम्ही म्हणाल, सुरुवातीपासून सांग. सांगतो.

शून्य.

कारखान्यात मला गाडीवर बसवण्याआधी एका यंत्राला जोडून तपासले. माझ्या पोटात एक लोहचुंबक आहे. पुढच्या चाकातून एक लांब केबल वर येते आणि त्या चुंबकाला फिरवते. चुंबक फिरला की काटा त्याच्या ओढीने वर सरकतो. चाक थांबले की एक बारीक स्प्रिंग काट्याला परत शून्यावर आणते. एवढेच माझे काम.

आणखी एक गोष्ट. मला मुद्दाम थोडे जास्त दाखवायला शिकवले आहे. गाडी खरी पंचावन्नने चालली असेल तर मी साठ म्हणतो. माणूस घाबरून हात सैल करतो आणि धडपणे घरी पोचतो. याला तुम्ही खोटे म्हणाल का? मी काळजी म्हणतो.

चाळीस.

कडोलीच्या शामूआप्पांनी ही गाडी घेतली तेव्हा त्यांचे केस काळे होते. शेतातली रताळी पोत्यात भरून ते बेळगावच्या बाजाराला न्यायचे. आणि महिन्यातून एकदा निपाणीला जायचे, थोरल्या बहिणीकडे. यशोदाआक्कांनी सारे आयुष्य तंबाखूच्या वखारीत काम केले. आता त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. पण माझ्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की त्या आतूनच हाक मारायच्या, "शामू आला बघा!"

आप्पांचा एकच नियम होता, काटा चाळीसच्या पुढे न्यायचा नाही. हायवेवर ट्रक हॉर्न वाजवत बाजूने जायचे, कॉलेजची पोरे हसायची. आप्पा माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आपलं चाळीस बरं हाय." मित्रांनो, माझी इतकी कदर पुन्हा कुणी केली नाही.

साठ.

आप्पांचा मुलगा नागेंद्र टिळकवाडीत एका ऑफिसात कामाला आहे. एका रविवारी त्याने हँडलला मोबाइल बांधला आणि मला हायवेवर नेले. मी साठ दाखवत होतो, मोबाइल पंचावन्न. घरी येऊन तो अंगणात सगळ्यांना सांगू लागला.

"आप्पा, तुमचा काटा लई थापा मारतोय. चाळीस म्हनून तुमी छत्तीसनंच जाताय इतकी वर्सं!"

"मग काय बिघडलं? पोचलोच न्हवं?"

"तसं न्हाय वो. मीटर म्हंजे बरोबर पायजे."

मग त्याने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला आणि मला 'बरोबर' करायला घेतले. वर केबलचे तोंड उघडून त्याने त्यात तेल ओतले. थेंबभर पुरते, त्याने धार सोडली. ते तेल केबलमधून माझ्या पोटात शिरले आणि धूळ धरून चिकट झाले. काटा वर गेला की खाली यायला कुरकुर करू लागला. नागेंद्रने टायरमधली हवा तपासली नाही. टायर किती झिजले आहे तेही पाहिले नाही. खरे तर झिजलेल्या टायरनेही माझा आकडा वाढतो. पण दोष मीटरचा, कारण डोळ्यांसमोर मीटर असते.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला विळा, कुदळ, इंजिन, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते. आप्पांच्या पत्नी मालुबाईंनी माझ्या काचेला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. झेंडूचा एक लांबलचक हार त्यांनी हँडलवरून पुढच्या चाकापर्यंत सोडला. दोरा मिळाला नाही म्हणून जुन्या स्वेटरची लाल लोकर उसवून त्यात फुले ओवली होती. पूजेचा हार हाताने काढायचा नाही, सुकून आपला आपण गळेपर्यंत ठेवायचा, हा घरातला नेम.

दुसऱ्या दिवशी दसरा. आप्पांनी सदऱ्याच्या खिशात आपट्याची पाने घातली आणि आक्कांना सोने द्यायला निपाणीला निघाले. हार तसाच लोंबत होता.

"चाक जड लागतंय गं," अंगणातून वळताना ते म्हणाले.

"आप्पा, चाक न्हवं, तुमचा हात जड झालाय आता," नागेंद्र हसला.

ऐंशी. (इथे नीट बघा. सगळी गोष्ट इथेच घडली.)

हायवेला लागायच्या आधीचे वळण. मी चाळीस दाखवत होतो, म्हणजे खरा वेग त्याहून कमीच. अंगणातच चाकात अडकलेले हाराचे टोक वाऱ्याने आणखी आत ओढले गेले. लोकर आसाभोवती गुंडाळत गेली, फुलांचा लगदा आत शिरला. चाक अडले. केबलला पीळ बसला आणि तिने काट्याला असा हिसका दिला, की तो वर फेकला गेला.

ऐंशी.

शिंगाला धरून ओढावे तशी गाडी आडवी झाली. आप्पा रस्त्यावर पडले. खांद्याचे हाड मोडले. आपट्याची पाने डांबरावर पसरली. काट्याला खाली यायचे होते, मित्रांनो. स्प्रिंग त्याला ओढत होती. पण चिकट तेलाने त्याला धरून ठेवले.

नागेंद्र टेंपो घेऊन आला. गाडी वर चढवताना त्याची नजर माझ्यावर गेली.

"ऐंशी! ह्या वयात ऐंशीनं चाललाता व्हय आप्पा?"

"चाळीसला हुतो रं," आप्पा कण्हत म्हणाले.

"मग काटा काय खोटं बोलतोय?"

ऐकलेत ना? मी जवळजवळ खरे सांगत होतो तेव्हा याच माणसाने मला थापाड्या ठरवले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी धडधडीत खोटे दाखवत होतो, तेव्हा त्याने मला साक्षीदार केले!

चाक कुणी फिरवून पाहिले नाही. गाडी शेडमध्ये लावली आणि किल्ली नागेंद्रच्या कपाटात गेली.

ऐंशी. अजून.

शेजारचे नागोजी आले, वाकले. "बाबौ! म्हातारा विमान चालवत हुता की!" ही गंमत गावभर झाली. खांदा जुळला, पण किल्ली मिळाली नाही.

"आप्पा, निपाणीला मी न्हेतो की कारनं. येत्या रविवारी," नागेंद्र म्हणायचा.

पण दर रविवारी त्याला काही ना काही निघायचे. निपाणीहून फोन यायचा. आप्पा शेडच्या दाराशी उभे राहून बोलायचे, त्यामुळे मला आक्कांचा आवाजही ऐकू यायचा.

"शामू, कवा येतोस रं? सोनं दिलं न्हाईस औंदा."

"येतो आक्का. जरा काम हाय."

सगळ्यांत वाईट गोष्ट पावसाळ्यात झाली. आप्पा शेडमध्ये आले. सीटवरच्या कोंबडीला हाकलून तिथे बसले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लागलंच असंल ऐंशी. माझ्याच ध्येनात आलं नसंल."

नाही! नाही हो आप्पा! तुम्ही चाळीसलाच होतात! ज्या एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला, त्याचा स्वतःवरचा विश्वास माझ्यामुळे गेला. आणि मी काय करत होतो? ऐंशी दाखवत होतो.

ऐंशी. शेवटचे.

पुन्हा खंडेनवमी आली. चालो न चालो, गाडीची पूजा व्हायलाच हवी. मालुबाई बादली घेऊन आल्या. चाकाची खालची बाजू धुवायची म्हणून त्यांनी चाक फिरवायला पाहिले. ते फिरेना. त्या वाकल्या, बोट घातले आणि काहीतरी ओढले. काळे, तेलकट, पण मधूनच लाल.

"आवो! हिकडं या. नागेंद्र, तू बी ये. ही माझ्या स्वेटरची लोकर हाय."

नागेंद्रने पाना आणून चाक काढले. आतून लोकरीचा गुंता आणि वाळलेल्या झेंडूचा गोळा बाहेर आला.

"हार गुतला हुता," आप्पा सावकाश म्हणाले. "म्हनून जड लागत हुतं."

नागेंद्र पाना हातातल्या हातात फिरवत राहिला. "पन आप्पा, काटा तर ऐंशी दाखवत हुता..."

"आता बी दाखवतोय की," मालुबाई म्हणाल्या. "गाडी उभी हाय न्हवं?"

एक वर्ष मी याच एका वाक्याची वाट पाहत होतो.

नागेंद्रने माझ्याकडे पाहिले. मग आप्पांच्या खांद्याकडे. तो घरात गेला आणि किल्ली घेऊन आला. माफी मागणे त्याला जमले नाही. पण त्याने मला खोलून कापडाने पुसले आणि नवी केबल घातली. तेलाचा एक थेंब सोडून तो म्हणाला, "आप्पा, हार ह्या वक्ताला मीच काढतो, पूजा झाल्या झाल्या."

"काढ. देव काय रागावत न्हाय," मालुबाई म्हणाल्या.

दसऱ्याला सकाळी आप्पांनी आपट्याची पाने खिशात घातली. नागेंद्र हँडलला मोबाइल बांधू लागला, तेव्हा त्यांनी तो सोडवून त्याच्या हातात ठेवला.

"मला काटा हाय."

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी गाडी असेल. निघण्याआधी तिचे चाक एकदा हाताने फिरवून बघा. हवा बघा. तेल थेंबाने घाला, प्रेमानेसुद्धा धार सोडू नका. पूजा झाली की हार उतरवा. गाडी जड लागते असे घरातले कुणी म्हणाले, तर हसू नका. आणि माझ्यासारख्या काट्यावर विश्वास ठेवण्याआधी चाकाकडेही एक नजर टाका.

शून्य.

निपाणीची गल्ली. गाडी अजून तोंडाशीच होती, तोच आतून हाक आली, "शामू आला बघा!"

आप्पांनी गाडी बंद केली आणि खिशावर हात ठेवून घाईने आत गेले. मी दारात उभा आहे. गाडी थांबली आहे आणि काटा शून्यावर आहे, अगदी बरोबर.

हे बघायला मात्र कुणी वाकत नाही.