खतीजाबीचे बच्चे

मी आहे कोंबड्या डालायचं एक जुनं डालगं. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी डालगं पाहिलं असेल, कोण जाणे! बांबूच्या कांबींचं, मोठ्या टोपल्यासारखं. जमिनीवर उपडं घालायचं, वर दगड ठेवायचा, की आत कोंबडी आणि तिची पिलं सुखरूप. घारीची भीती नाही, मांजराची भीती नाही. दिसायला मी ओबडधोबड आहे, पण उगाच नाक मुरडू नका. माझ्याखाली जेवढे जीव वाढले, तेवढी मुलं तुमच्या शाळेतही नसतील.

हिंगोलीच्या बाजारात एका बुरडाने मला विणलं. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. कनेरगाव नाक्याच्या अमिनाबीने मला घेतलं आणि बैलगाडीत ऊन लागतं म्हणून सरळ डोक्यावर उपडं घातलं. माझा पहिला मुक्काम असा एका म्हातारीच्या डोक्यावर झाला. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

घर पिंजाऱ्याचं होतं. अमिनाबीचा मुलगा जलालुद्दीन कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि सून खतीजाबी कोंबड्या पाळायची. पिलू अंड्यातून निघालं की काम संपलं, असं लोकांना वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं, हे अमिनाबीने सुनेला शिकवलं. खाली ओल नको, कोरडा भुसा हवा. पाणी उथळ बशीत, आणि बशीत खडे, म्हणजे पिलू बुडत नाही. ज्वारीची बारीक कणी. घर कापसाने भरलेलं, पण त्याचा एक पुंजका माझ्याखाली येत नसे, कारण त्याचे धागे पिलांच्या पायांत अडकतात. आणि सगळ्यात आधी ऊब. ऊब कमी पडली की पिलं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि जीव तोडून ओरडतात. ऊब पुरेशी असली की पांगून बसतात, आपसांत हळू चिवचिवतात. ती चिवचिव ऐकत मी कितीतरी वर्षं काढली. अमिनाबी गेली, तरी खतीजाबीने तिचा एकही नियम मोडला नाही.

खतीजाबी पिलांना कधी पिलं म्हणत नसे. ती त्यांना 'बच्चे' म्हणायची. 'बच्चे, आओ!' अशी हाक मारली, की पिलांच्या आधी तिची स्वतःची मुलं, फारुक आणि अजरा, धावत यायची आणि हातात ज्वारीची कणी बघून रुसायची. घरातली ही रोजचीच गंमत होती. जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रूपाबाई डिंक विकायला नाक्यावर आली, की या दोघांसाठी ओटीत काहीतरी खाऊ आणायची. पिलांकडे मात्र ती ढुंकून बघत नसे.

सन अठ्ठेचाळीसच्या भादव्यात काबरी कोंबडीची अंडी फुटली. आणि लगेच, दाणे टिपायला बाहेर सोडलेल्या काबरीला मुंगसाने नेलं. आईविना पिलं! खतीजाबीने गाडग्यात गरम राख भरली, गाडगं फडक्यात गुंडाळलं आणि माझ्याखाली ठेवलं. पिलं त्याला आई समजून बिलगली. राख निवली की ती उठायची, चुलीतली नवी राख भरायची. एकेका पिलाची चोच पाण्यात बुडवून तिने त्यांना प्यायला शिकवलं.

ते दिवस वाईट होते. निजामाचं राज्य बुडणार, भारताची फौज येणार, अशा बातम्या रोज येत होत्या. शेजारची घरं एकेक करून ओस पडली. एका सकाळी जलालुद्दीनने भर पावसात गाडी जुंपली. खतीजाबी माझ्यावरचा दगड काढून पिलं टोपलीत भरू लागली.

"रस्ते में भीग के मरते वो," जलालुद्दीन म्हणाला. "छोड़ दे. शाम तलक वापस आते अपन."

तिने गाडग्यात ताजी राख भरली, मला नीट झाकलं, दगड ठेवला. वळून वळून बघत ती गाडीत बसली. संध्याकाळ झाली. गाडी परत आली नाही.

पुढचं मला नंतर रूपाबाईच्या तोंडून कळलं. परत येणं होणार नाही, हे खतीजाबीला वाटेतच उमगलं असावं. समोरून तांड्यावरचा थावरा गाडी घेऊन येताना दिसला, तशी ती ओरडली, "रूपाबाई को बोलो, बच्चे पीछे रै गये! देखो बोलके!" पावसात गाड्या थांबल्या नाहीत. फारुक आणि अजरा पोत्याखाली झोपलेली असावीत, थावऱ्याला ती दिसलीच नाहीत. त्याने तांड्यावर जाऊन सांगितलं, "खतीजाबीची लेकरं मागं राह्यली."

रूपाबाईने भाकरी फडक्यात बांधली आणि ती हिंगोलीच्या रस्त्याला धावत सुटली. झाडाखाली, नाल्याकाठी, मोडक्या गाड्यांमागे फारुक-अजराच्या नावाने हाका मारत फिरली. आणि इकडे माझ्याखाली राख निवली.

पिलं एकमेकांच्या अंगावर चढली. ओरडू लागली. मित्रांनो, मला झाकता येतं, ऊब देता येत नाही. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. हळूहळू आवाज कमी होत गेले.

रूपाबाई शेवटी अंगणात आली, तेव्हा तिचा घसा पार बसला होता. सोबत थावरा होता. बंद दार ढकलून बघून ती मागे वळली, आणि तिची नजर माझ्यावर गेली. तिने दगड काढला, मला उचललं.

एकेक पिलू उचलून तिने ओच्यात घेतलं. मग म्हणाली, "थावरा, ती नेमकं काय बोलली व्हती? बच्चे म्हनली का लेकरं?"

"बच्चे म्हनली. म्हंजी लेकरंच की. काहून?"

रूपाबाई हसायला लागली. थंडगार पिलं ओच्यात घेऊन ती हसत होती. "अरे, लेकरं आईपाशीच हायेत! मागं राह्यले ते हे. हे बच्चे!"

मला तिचा संताप आला. माझ्याखालचं घर उजाड झालं आणि ही बाई हसते! पण ती रडतही होती. तेवढ्यात ओच्यात एक पिलू जरासं हललं. तिने ते घाईघाईने छातीशी धरलं, त्याच्यावर फुंकर घालत राहिली. थावरा जाळ करायला काड्या शोधू लागला. सगळ्या काड्या भिजलेल्या होत्या.

त्या पिलाने मान टाकली, तेव्हा रूपाबाईचं हसू थांबलं. "आता तिला मी काय सांगू रे?" ती म्हणाली.

सांगायची वेळ आलीच नाही. खतीजाबी परत आली नाही. ती सगळी कुठे गेली, कुणालाच कळलं नाही. रूपाबाईने मला तांड्यावर आणून भिंतीला टांगलं. तिने कधी कोंबडी पाळली नाही आणि मला कुणाला देऊनही टाकलं नाही. माझ्या कांबी सुटल्या, मला वाळवी लागली. आता मी फार दिवस टिकणार नाही.

मित्रांनो, जाण्यापूर्वी एकच मागणं आहे. नुकतं जन्मलेलं पिलू थांबू शकत नाही. कुणी तुमच्या भरवशावर काही सोडून गेलं, तर रस्त्यावर धावण्याआधी त्याच्या अंगणात जा. तिथे एखादं डालगं उपडं असेल, तर ते उचलून बघा.