दोन दिवसांसाठी नेलेले दार

"उभं ठेवा हो याला. भिंतीला टेकवून ठेवलंत तरी चालेल, पण आडवं टाकू नका. आडवं पडलं की लाकूड पीळ घेतं."

माणसाच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले बोलणे. बोलणारा सुतार होता आणि ऐकणारी एक तरुण बाई. तिच्या कडेवर एक गुटगुटीत मूल होते आणि ते माझी कडी ओढू पाहत होते. बाईने सुताराचे म्हणणे नीट ऐकून घेतले. मुलाने ऐकले नाही. ऐकले असते, तर आज हे गाऱ्हाणे घेऊन मला तुमच्यापुढे यावे लागले नसते.

मित्रांनो, मी एक जुने दार आहे आणि मी रागावलेले आहे. तुम्ही मोठमोठ्याने दारे आपटता आणि वाटते, दारे रागावली. तो राग तुमचा असतो. दाराच्या स्वतःच्या रागाला आवाज नसतो. तो लाकडात मुरत जातो. माझा किती मुरला, ते ऐका.

सुताराने मला चांगल्या पिकल्या लाकडाचे केले. नक्षी नाही, खाचा नाहीत, दोन्ही अंगांनी सपाट. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्यावर तळवा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाला, "झकास." मग त्या बाईच्या खोलीला मला बसवले. तीन बिजागऱ्या, आतून एक कडी, दोन्ही बाजूंना एकेक मूठ.

कडेवरचे मूल चालायला लागले आणि माझ्या मुठी धरून, पाय वर उचलून झोके घेऊ लागले. "आई, बघ, मी उडतोय!"

"अरे, बिजागऱ्या निखळतील! उतर आधी!" आई ओरडायची, आणि ओरडता ओरडता स्वतःच मला हलकासा धक्का द्यायची. तो खिदळत अर्धी फेरी मारून यायचा. त्याचे पहिले उड्डाण माझ्या जिवावर झाले. पूर्वी हे आठवले की मला बरे वाटायचे.

वर्षे गेली. बाई म्हातारी झाली. सारी गल्ली तिला आजी म्हणते, म्हणून मीही आजीच म्हणते. नवरा गेल्यावर आजीने एक नेम धरला. रोज सकाळी अंघोळ झाली की ती मला लोटून घ्यायची, कडी लावायची आणि माझ्याकडे पाठ करून आसनावर बसायची. तेवढा वेळ मौन. ओठ हलायचे, पण आवाज नाही. अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, नेम चुकला नाही. बाहेर भांडी वाजायची, फोन वाजायचा, शेजारची बाई हाका मारून जायची. ते सगळे बाहेर थोपवून धरायचे, एवढेच माझे काम. नेम झाला की आजी माझ्यावर हात टेकून उठायची. तिच्या तळव्याची जागा माझ्यावर गुळगुळीत झाली आहे.

कोणी पाहुणा म्हणायचा, "काय दणकट दार आहे हो!"

आजी म्हणायची, "दार कसलं? माझी पाठराखीण आहे ती."

मला याहून जास्त काही नको होते.

मुलगा मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करू लागला. लग्न झाले. पण लहानपणीचा झोका काही त्याच्या डोक्यातून उतरला नाही. सुट्या भागांची विमाने मिळतात, मित्रांनो. पेट्यांतून पत्रे आणि दांड्या येतात, त्या घरीच जोडायच्या, आणि दोन माणसे बसून खरोखर उडतील असे विमान तयार होते. आधी शेपूट, मग पंख, मग धड. त्याने शेपटीची पेटी मागवली. घराला लागून गाडीची शेड होती, तिथली गाडी बाहेर काढून कार्यशाळा मांडली.

सून म्हणाली, "अहो, दिवसभर लोकांच्या लिफ्ट वर-खाली करता, त्यात काय कमी उडता?"

"अगं, लिफ्टला छप्पर असतं," तो म्हणाला. "आणि आई, ऐक. पहिली फेरी तुझी! शेजारच्या सीटवर तू."

आजी हसली. "आधी जमिनीवर नीट चालव रे बाबा."

विमान जोडायला सगळ्यांत आधी काय लागते? सपाट टेबल. टेबलाला बाक असेल, तर त्यावर जोडलेल्या भागाला बाक येतो. याने घरभर फिरून टेबले पाहिली. जेवणाचे डुगडुगते, अभ्यासाचे लहान. मग एका सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो आजीच्या खोलीपाशी आला आणि माझ्यावर पट्टी लावून पाहिली. त्याचे डोळे चमकले. ती चमक मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. 

आजी नेमाला बसली होती. मौन चालू होते. याने बाहेरून हाताने मला ठोठावले, कडी काढायला लावली आणि दुसऱ्या क्षणी तो बिजागऱ्यांशी वाकला.

"आई, दार घेऊन जातोय गं. दोन दिवस फक्त. टेबलाची सोय झाली की आणून लावतो. शब्द! नेऊ ना?"

आजीने मान हलवली. नाही म्हणून, स्पष्ट, दोनदा. मी समोर होते, मी पाहिले. पण हा पाठमोरा, स्क्रू काढण्यात गुंग. उत्तर यायच्या आत पहिली बिजागरी सुटली होती.

विचारणाऱ्याने उत्तराकडे पाठ करावी! आई आता बोलू शकत नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हते? जन्मभर त्याच घरात राहत होता ना? ती बोलू शकत नाही, ही त्याला सोय वाटली, असे मी म्हणणार नाही. पण इतके सोपे आपल्याला का गेले, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही, आणि मला चीड आहे ती याचीच.

नेम आटोपून आजी उठली आणि सवयीने हात टेकायला गेली. तिथे काही नव्हते. तिचा तोल गेला, चौकट धरून सावरली. हे मी शेडमधून पाहिले. शेडच्या आतल्या तोंडातून पॅसेज दिसतो आणि पॅसेजच्या टोकाला माझी रिकामी चौकट. सुनेने तिथे जुनी चादर टांगली. चादरीने काय होते? वारा आला की ती खोलीत शिरायची. माणसेही तशीच शिरायची.

मला टेकू म्हणून मांडलेल्या दोन लाकडी घोड्यांवर आडवे टाकले. पहिल्या दिवशी त्याने माझ्यावर पाणसळ ठेवली. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधे थांबला. "एकदम सपाट!" तो म्हणाला आणि पाणसळ खुंटीला अडकवली. ती पुन्हा खाली काढली नाही. माझ्या एका टोकाला खिडकीचे ऊन, दुसऱ्या टोकाला नळाजवळची ओल, एका कोपऱ्यावर अवजारांची जडशीळ पेटी. आडवं टाकू नका, असे सुतार सांगून गेला होता.

तो विमानाचे सुकाणू बनवू लागला. शेपटीवर उभे असते आणि विमानाला डावी-उजवीकडे वळवते, ते सुकाणू. पातळ पत्रा, आत फासळ्या. भोके पाडताना ड्रिल पत्रा भेदून माझ्यात उतरे. भोकामागून भोक, रांगच्या रांग. मी ओरडणार कुठे?

दोन दिवसांचे काही खरे नव्हते. सून विचारू लागली, "अहो, तुमचे दोन दिवस संपले की अजून पहिलाच चालू आहे?"

"हे सुकाणू होऊ दे. आता हलवलं तर सगळं बिघडेल."

"आईंना त्रास होतो."

"आई कुठे काही म्हणाली?"

आजी काही म्हणत नव्हती, हे खरे. ती न्हाणीघरातच कपडे बदलून यायची, ओल्या फरशीवर भिंत धरून. नेमाला बसताना आसन कोपऱ्यात सरकवून घ्यायची. आणि एका सकाळी पत्र्याची उरलेली पेटी आली. आणणाऱ्या दोन माणसांना वाटले, चादरीच्या आत कार्यशाळा. पेटी घेऊन ते थेट आत शिरले. आजी नुकतीच आसनावर बसली होती, केस मोकळे, पदर अंगाभोवती अजून घ्यायचा होता. ते बिचारे गोंधळून तिथेच उभे राहिले. "आजी, कुठे ठेवू?" असे वर विचारू लागले.

"बाहेर व्हा!"

आजीचा आवाज पॅसेज ओलांडून शेडमध्ये माझ्यापर्यंत आला. इतक्या वर्षांचे मौन त्या दोन शब्दांवर मोडले.

त्या दिवशी आजी जेवली नाही. मुलाने विचारले, "बरं नाही का गं?"

ती म्हणाली, "बरी आहे."

तो "बरं" म्हणाला आणि पेटी फोडायला बसला. त्या दिवशी मला वाटले, ही घोडी मोडावी आणि याच्या पायावर पडावे. देव क्षमा करो, पण वाटले. माझ्या अंगातला पीळ त्याच दिवसांत वाढला. ऊन-ओलीने वाढला असे कोणी म्हणेल. म्हणोत.

दुसऱ्या दिवसापासून आजी नेमाला बसेना. आसन गुंडाळून तिने उशाशी ठेवून दिले.

सुकाणू पुरे झाले, तेव्हा ते तपासायला एक बाई आल्या. घरी विमान बांधणाऱ्यांचे काम मधूनमधून तपासावे लागते आणि ते तपासणे हेच या बाईंचे काम होते. विमाने दुरुस्त करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. याने कौतुकाने सुकाणूवरचे फडके काढले. बाईंनी सुकाणूला हात लावला नाही. आधी मला पाहिले.

"टेबल कुठलं हे?"

"दार आहे, आईच्या खोलीचं. एकदम सपाट."

बाईंनी पिशवीतून दोन सरळ पट्ट्या काढल्या. एक माझ्या या टोकाला आडवी ठेवली, एक त्या टोकाला. मग खाली वाकून, एक डोळा मिटून पाहिले. "या इकडे. तुम्हीच बघा."

त्याने पाहिले. जवळच्या पट्टीमागे लांबची पट्टी एका बाजूने वर उचललेली दिसत होती.

"पाणसळ कधी लावली होती?"

"सुरुवातीला."

"आणि नंतर?"

त्याने खुंटीवरच्या पाणसळीकडे पाहिले. बाईंनी सुकाणू उचलून त्याच्या मागच्या कडेवरून नजर फिरवली. माझा पीळ त्यात उतरला आहे, हे मला आधीच माहीत होते. त्या म्हणाल्या, "हे वाकडं आहे. तुम्ही विमान सरळ न्याल आणि हे एका अंगाला ओढत राहील. हे टाकून द्या आणि दुसरं करा. शेजारच्या सीटवर कोण बसायचंय?"

"आई," तो पुटपुटला. मग त्याने माझ्यावर मूठ आपटली. "दगा दिला या लाकडानं!"

मी दगा दिला! मी!

"त्याला कशाला मारतोस?" पॅसेजमधून आवाज आला. आजी उभी होती. "दार आहे ते. दाराचं काम त्यानं जन्मभर केलंय. तू टेबल केलंस."

"आई, तुला विचारून नेलं होतं ना मी!"

"विचारलंस. मी नको म्हणाले."

"कधी?"

"तेव्हाच. मान हलवली. तू स्क्रू काढत होतास, मागे वळून पाहिलं नाहीस." आजीचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागत होता. "मला आकाशात काय नेतोस रे? इथे खाली माझ्या खोलीला दार नाही. परक्या माणसांसमोर मी उघडी बसले. माझा नेम मोडला. आणि तू विचारलंस काय, तर बरं नाही का म्हणून."

ड्रिलची वायर गुंडाळत असलेली सून थांबली. बाईंनी पट्ट्या पिशवीत ठेवल्या आणि आजीला नमस्कार करून निघून गेल्या. तो सुकाणूकडे बघत बसला. बघ म्हणावे. नीट बघ.

आज सकाळी, उजाडताच तो शेडमध्ये आला. मला वाटले, आता करवत. पण त्याने अवजारांची पेटी खाली उतरवली, मला आवळून धरणारे क्लॅम्प सोडले आणि मला उचलून उभे केले. कितीतरी महिन्यांनी मला माझे डोके वर आणि पाय खाली असल्याचे कळले. भोकाभोकांत त्याने लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकल्या. जिथे मी चौकटीला अडेन, तिथे जपून रंधा मारला. तरी सुकाणूची आकृती माझ्यावर राहिलीच आहे, ठिपक्याठिपक्यांची. ती बाजू बाहेर येते. रोज जाता-येता त्यालाच दिसेल. दिसू दे.

मी पूर्वीसारखे आता बसणार नाही. एक कोपरा चौकटीपासून सुटा राहील आणि आजीला कडी लावताना जोर लावावा लागेल. म्हणून सांगते, माझा राग गेला आहे असे समजू नका. मित्रांनो, कोणाची वस्तू मागायची असेल, तर हातातले काम थांबवा, त्या माणसाच्या तोंडाकडे बघा आणि तो हो म्हणेपर्यंत थांबा. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर फारच थांबा. त्यांचे "नको" फार हळू असते. आणि दोन दिवसांचा शब्द दिला असेल, तर तिसऱ्या दिवशी वस्तू जागेवर असू द्या. एकदा पिळलेले लाकूड नुसत्या शब्दाने सरळ होत नाही.

न्हाणीघरात पाणी सांडण्याचा आवाज थांबला आहे. थोड्या वेळाने आजी खोलीत येईल. याने स्क्रू ओठांत धरले आहेत, त्यामुळे त्याला आता काही बोलता येणार नाही. बरेच झाले. त्याने चपला काढून ठेवल्या, मला खांद्याला लावले आणि कुठे आपटू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत तो पॅसेजमधून चादरीच्या दिशेने निघाला.