मावतेस तोवर

टण्ण.

चमचा फरशीवर पडला आणि दुपारच्या त्या रिकाम्या बारमध्ये आवाज टांगलेल्या ग्लासांपर्यंत जाऊन परत आला. मित्रांनो, चमचा माझ्या हातातून पडला नाही. मला हात आहेत, पण ते नुसते टेकायला. मी लहान मुलांना जेवू घालायची उंच खुर्ची आहे, आणि आता इतकी जुनी झाले आहे की बसणारा जरा हलला तरी आधी मीच कण्हते.

बिअरच्या बारमध्ये असली खुर्ची कशी, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटे. नाक मुरडू नका, सगळे सांगते.

एका सुताराने मला घडवले. त्याला नुकतीच नात झाली होती. माझी प्रत्येक कड पॉलिश पेपरने घासून झाली की तो ती स्वतःच्या गालाला लावून बघे. "टोचता कामा नये कुठे," एवढेच म्हणे आणि पुन्हा घासू लागे.

या जागी तेव्हा साधे जेवणघर होते. आम्ही चार बहिणी तिथे कामाला लागलो. दात येणारी मुले माझा ट्रे चावत. ते ओरखडे अजून माझ्यावर आहेत. एक आई मला म्हणाली होती, "ही आहे म्हणून दोन घास तरी गरम मिळतात गं बाई." एवढ्या कौतुकावर मी वर्षानुवर्षे उभी राहिले.

मग जेवणघर बंद पडले. भिंती पाडल्या गेल्या. काचेमागे बिअर बनवायच्या माणसापेक्षा उंच, चकचकीत टाक्या आल्या. लाकडी मुठींचे नळ आले, आणि रोजच्या बिअरची नावे खडूने लिहायला काळा फळा आला. माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मी राहिले ती ग्लास धुणाऱ्या मावशींमुळे. त्यांचा हात वरच्या फळीला पुरत नसे, म्हणून त्या माझ्या दांडीवर पाय देऊन चढत. बाकीचा वेळ माझ्या ट्रेवर ओली फडकी वाळत. जिच्या मांडीवर मुले बसली तिच्या मांडीवर फडकी आली की कसे वाटते, ते मी सांगत बसत नाही.

एका रविवारी मात्र मला बाहेर काढले. इथली बिअर बनवणारा तरुण मला स्वतः पुसत होता, अगदी दांड्यांच्या बेचक्यांतून. त्याची मुलगी यायची होती. तो आणि तिची आई आता वेगळे राहत. बार उघडण्याआधी दुपारी त्याला जरा सवड असे, तेव्हा आईने मुलीला इथे आणायचे असे दोघांनी ठरवले होते.

"या मालकीणबाई," तो कमरेत वाकून म्हणाला. "काय आणू?"

मालकीणबाईंना धड बोलता येत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी माझा ट्रे बडवला.

त्याने ट्रेवर मूठभर भाजलेले जव पसरले. बिअर त्यांचीच होते, पण त्याआधी ते नुसते गोडसर, कुरकुरीत दाणे असतात. ती एकेक दाणा चिमटीत उचलून त्याच्या तोंडात घालू लागली.

"तुझं काम खोळंबत असेल तर जा," आई म्हणाली. "आम्ही बसतो."

"छे गं, आज मी वेटर. ही या खुर्चीत मावतेय तोवर बाबा हिचा वेटर. मावेनाशी झाली की बाबाची सुट्टी."

मावशी हसल्या. आईही हसली, जरा जपून.

मग ते वाक्य दर रविवारचेच झाले. पट्टा लावताना तो विचारी, "मावतेस?" ती ओरडे, "मावते." आणि टक् करून बकल लागे.

पण मुले वाढतात, मित्रांनो. मी जेवू घालते ती त्यासाठीच. मालकीणबाईंचे गुडघे ट्रेला लागू लागले. बकल लागेना, तशा त्या पोट आत ओढून श्वास धरू लागल्या. "बघा, सर्कस चाललीय," मावशी म्हणत, आणि सगळे हसत. पट्ट्याखाली ते पोट मला कळत होते. ते गमतीने आत घेतलेले नव्हते.

मग एका रविवारी टाक्यांपाशी दुसराच माणूस दिसला. आईच्या फोनवर बाबाचा निरोप आला, बाहेरगावी काम आहे. पुढच्या रविवारीही तोच निरोप. आज तर निरोपही नव्हता. तरी आई तिला घेऊन आली.

"काय करू मावशी," ती म्हणाली, "सकाळपासून बूट घालून दारात बसली होती."

आईने तिला सोफ्यावर बसवून पाहिले, मोठ्या खुर्चीवर बसवून पाहिले. ती उतरली आणि माझ्यावर चढली. माझा मागचा पाय कर्र करून फाकला. ट्रे बसेचना, तो आईने काढून ठेवला. मुलीने श्वास धरला. टक्. मग ती दाराकडे बघत राहिली. आईने डबा उघडून मऊ भाताचा घास पुढे केला. तिने ओठ घट्ट मिटले आणि हात झटकला. तोच तो चमचा.

मावशी दुसरा चमचा घेऊन आल्या. तो देता देता त्यांनी आवाज खाली आणला.

"त्यानं तुला सांगितलं नाही का गं?"

"काय?"

"तो सोडून गेला. लांबच्या गावी मोठ्या कारखान्यात लागला. त्याचा अ‍ॅप्रनसुद्धा धुऊन मी या नव्या माणसाला दिला. आता इतक्या लांबून कुठला येतोय तो. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

आई चमच्याकडे बघत राहिली. "म्हणाला असेल," ती म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नसेल."

"आणि ही खुर्ची टाकून द्या म्हणतायत मालक. पाय गेलाय तिचा."

मित्रांनो, माझे काय व्हायचे ते होवो. एक खिळा पुरला असता, पण तेवढे आता कोण करणार. तुमच्या घरच्या मोठ्यांना मात्र माझा निरोप द्या. लहानांपाशी गमतीचे बोलतानाही जपून बोला म्हणावे. ते ऐकून सोडून देणे मला जमते, मी लाकूड आहे.

मावशी ग्लासांकडे वळल्या. आई गुडघ्यांवर बसून बकल सोडवू लागली. ते अडकले होते, आणि मुलीने अजून पोट आत ओढून धरले होते.

"सोड गं पोट," आई म्हणाली. "दोन घास खा, मग घरी जाऊ."

मुलीने हळूच श्वास सोडला. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, मावशींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने विचारले,

"आई, किती दिवस जेवलं नाही की परत लहान होतं?"