हिरव्या पातळाची झोळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. दाराची नव्हे, छताची. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका बैठ्या घरात, पुढच्या खोलीच्या सागवानी तुळईला मी घट्ट बसले आहे. तुम्ही आत आलात तर आधी भिंतीवर रंगवलेले हत्ती-घोडे दिसतील, मग कोपऱ्यातला खेळण्यांचा डबा. मी दिसणार नाही. मान वर केल्याशिवाय मी दिसत नाही आणि मोठी माणसं मान वर करत नाहीत. उताणी झोपलेली लेकरं मात्र मला चांगली ओळखतात.

माझा जन्म बाळापूरला, एका लोहाराच्या भट्टीपुढे झाला. मला करवून घेतलं पुंजाजींनी. ते आसपासच्या गावांतून कापूस विकत घेत आणि या खोलीत त्याचं वजन करत. माझ्यावर मोठा काटा टांगलेला असे. हंगामात खोलीभर पांढरा कापूस आणि हवेत तरंगणारं तंतूंचं धुकं. कोणी शेतकरी कुरकुरला तर पुंजाजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "मी खोटं बोलन, पन थे कडी नाई बोलत." तेव्हा माझी छाती फुगायची. लोखंडाची छाती फुगते का, असं विचारू नका.

पुढे सरकारी बाजारात विजेवर चालणारे काटे आले. माल तिकडे वळला. पुंजाजी थकले आणि एके दिवशी गेले. माझ्यावर लसणाच्या जुड्या टांगल्या गेल्या, मग त्याही नाहीत. मला गंज चढू लागला. इतकी वर्षं भार वाहिल्यावर रिकामं राहणं फार जड जातं, मित्रांनो.

मग शेजारची एक परिचारिका तान्हं बाळ घेऊन पुंजाजींच्या बायकोकडे, इंदूबाईंकडे आली. तिची रजा संपली होती. "काकू, फक्त दुपारपुरतं सांभाळाल का?" इंदूबाईंनी वर पाहिलं. लोखंडी ब्रशने मला घासलं, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि त्या परिचारिकेच्या जुन्या पातळाची झोळी माझ्यावर बांधली. मला वाटलं, कापसाचीच गाठोडी परत आली. मग गाठोडं हललं, हसलं आणि झोपी गेलं. त्या दिवशी हे पाळणाघर सुरू झालं.

इंदूबाईंची एक रीत होती. झोळी पाळणाघराची नसे. प्रत्येक लेकराच्या घरून एक पातळ यायचं, नवं नव्हे, घरातल्या माणसाच्या अंगावरचं, नेसून नेसून मऊ झालेलं. लेकरू झोपलं की त्याला अलगद गादीवर ठेवलं जाई, ते पातळ घडी होऊन त्याच्या नावाच्या खुंटीवर जायचं आणि माझ्यावर पुढच्या लेकराचं चढायचं. भिंतीला ओळीने खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एका घराचा वास होता.

आता तुम्हाला सांगायची आहे ती आचलची गोष्ट.

मागच्या दिवाळीनंतर एक जोडपं आलं. नागसेन आणि प्रणाली. नागसेन रोज अमरावतीला, राजापेठेतल्या एका कार्यालयात कामाला जात असे. प्रणाली माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती आणि सोमवारी तिची रजा संपत होती. कडेवर दीड वर्षाची आचल. त्यांच्या बऱ्याच जागा पाहून झाल्या होत्या. एका ठिकाणी आतच घसरगुंडी होती आणि दारात रबरी डायनासोर. आचल तिथे इतकी रडली की तिथल्या बाईंनीच हात जोडले. दुसरीकडे सगळं चकाचक होतं, पण दुपारी ती क्षणभरही झोपली नाही आणि संध्याकाळी तापली.

"काकू, कॅमेरा आहे का?" नागसेनने विचारलं.

"नाई बाप्पा. माये दोन डोये हायत, त्यातल्या एकाले मोतीबिंदू."

नागसेनला हसावं की नाही ते कळेना. प्रणाली तर मुळीच हसली नाही.

"शिकवता काय काय?"

"दीड वर्साच्या लेकराले? आधी झोपू तर द्या तिले." इंदूबाईंनी आचलच्या गालाला बोट लावलं. आचलने तोंड फिरवलं. "पहाले कोन होतं आतापर्यंत?"

 मग नागसेनने सांगितलं. आचलला जन्मापासून त्याच्या आईने, पार्बताबाईंनी, वाढवलं होतं. दसऱ्याच्या सुमारास आचलला घेऊन जिना उतरताना त्यांना चक्कर आली. कठड्याला धरलं म्हणून दोघी वाचल्या. "मी एवढंच म्हटलं, माय, आता तिला उचलू नको. आपण पाळणाघर पाहू. तर माय म्हणाली, माया भरवसा नाई तं मी कायले राहू? आणि गावाला निघून गेली."

"रोज फोन करतात," प्रणाली हळूच म्हणाली. "माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, पोरीला गावाला पाठवा. आणि ही कुठेच राहिली नाही, तर एक तर हिला पाठवायचं, नाही तर मी नोकरी सोडायची."

इंदूबाईंनी भिंतीवरच्या खुंट्यांकडे पाहिलं. "उद्या येताना एक वापरातलं सुती पातळ घेऊन या," एवढंच म्हणाल्या.

"मी साडी नेसतच नाही, काकू. ड्रेसच घालते."

"मंग पाहा घरात. सापडन काही."

दुसऱ्या दिवशी प्रणालीने लग्नातली काठपदराची साडी आणली. तिला डांबरगोळ्यांचा वास होता. आचल तीत ठेवल्याबरोबर अशी ताठ झाली की इंदूबाईंनी तिला लगेच उचललं. त्यानंतर ओढणी आली. ती पन्ह्याला अरुंद आणि विरलेली होती. गाठ बसली तेव्हाच मला कळलं की हिच्यात लेकराचं वजन पेलायचा जीव नाही. इंदूबाईंनी ओढून पाहिली आणि सोडून दिली. दोन्ही दुपारी आचल प्रणालीच्या खांद्यावर हुंदके देत राहिली आणि प्रणाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिली.

शुक्रवारी ती एक हिरवं पातळ घेऊन आली. पार्बताबाई जाताना ते खाटेवर विसरून गेल्या होत्या. पातळाला कडक इस्त्री होती. इंदूबाईंनी ते माझ्यावर बांधलं. आचलने हिरवा काठ पाहिला आणि एकदम गप्प झाली. तिने दोन्ही मुठींत काठ धरला, नाकाशी नेला.  मग तिने काठ सोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि रडायला लागली. पण हे रडणं आधीसारखं नव्हतं. कोणीतरी हाक मारावी आणि दार उघडलं तर बाहेर कोणी नसावं, तसं ते रडणं होतं.

प्रणालीने तिला उचललं. मग वाकून स्वतःच त्या पातळाला नाक लावलं. धुण्याच्या पावडरीचा गुलाबासारखा वास येत होता.

तिने तो काठ मुठीत धरला. "मला वाटलं, दुसऱ्यांच्या घरी सासूचं मळकं पातळ कसं न्यायचं. दोनदा धुतलं, काकू. मी आईंनाच धुऊन टाकलं."

इंदूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मीच सांगाचं होतं तुले. आता फोन लाव."

"मी? त्यांना?"

"मंग काय मी लावू?"

प्रणालीने फोन लावला. पलीकडून आवाज आला, "नागसेन नाई का?"

"मी बोलते, आई. तुमचं एक पातळ पाहिजे होतं."

"कावून? तुया कपाटात साड्या मावत नाईत."

"तुमच्या अंगावरचं पाहिजे, आई. न धुतलेलं."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग पार्बताबाईंनी विचारलं, "झोपत नाई का व थे?"

"नाही, आई."

फोन बंद झाला.

शनिवारी सकाळी पार्बताबाई स्वतः आल्या. एसटीने येऊन, धुळीच्या पायांनी. अंगावर दुसरं एक हिरवंच पातळ होतं, रंग उडालेलं. पाठोपाठ नागसेन आणि कडेवर आचलला घेतलेली प्रणाली. आजीला बघताच आचलने अशी झेप घेतली की प्रणालीचा तोल गेला. पार्बताबाईंनी खाली बसून तिला मांडीवर घेतलं आणि कोणाकडे न बघताच म्हणाल्या, "पोरीचं सामान भरा. मी घेऊन चालली."

"चहा तं घ्या," इंदूबाई म्हणाल्या.

"चाय प्याले नाई आली मी. हेच काय तुमचं पाळनाघर? चार हत्ती काढले भितीवर, झालं? छत तरी मजबूत हाय का?" आणि मित्रांनो, त्या बाईंनी मान वर केली! एवढ्या आईबापांत माझ्याकडे पाहणाऱ्या त्या पहिल्याच. आचलला इंदूबाईंच्या हाती देऊन त्या उठल्या. माझ्यावर कोणाच्या तरी झोळीचं पातळ होतं, त्याला धरून त्या सगळ्या भारानिशी लोंबकळल्या.

"माय, पडशील!" नागसेन ओरडला.

मी जागची हलले नाही.

"पक्की हाय," पार्बताबाईंनी नाइलाजाने कबूल केलं.

"कापसाचा काटा टांगत होते इथं आमचे हे. पुंजाजी."

"बाळापूरकडून कापूस आनत होते थे पुंजाजी? बाप्पा! आमच्या मालकाचा झगडा झाला होता त्याइच्यासंगं, वजनावरून." त्यांनी झोळी हातातून सोडली. "घरी येऊन पुन्हा मोजलं. वजन बरोबर निंगालं."

"मंग आज तरी चाय घ्या," इंदूबाई म्हणाल्या, आणि पार्बताबाईंना हसू आलं.

तेवढ्यात प्रणाली आचलची पिशवी घेऊन आली. तिने ती सासूच्या पायाशी ठेवली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "घेऊन जा, आई. ती तुमच्याजवळ झोपते. मी रविवारी-रविवारी येत जाईन."

आता मी थरथरले. कापसाच्या गाठोड्यांनी कधी थरथरले नव्हते.

पार्बताबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग सुनेकडे. प्रणालीचे डोळे किती दिवसांचे जागे होते ते कोणालाही दिसलं असतं. "तुलेही झोप नाई वाटते," त्या म्हणाल्या. मग नागसेनकडे हात करून म्हणाल्या, "हा एवढा होता, तवा मी निंदाले जात होती. बाभयीले झोयी बांधून. एका डोयानं तन पाहो, एका डोयानं झोयी. एखांदी इंदूबाई भेटली असती तं मी काय नाई म्हनली असती?" त्यांनी पिशवी उचलून प्रणालीच्या हातात परत दिली. "काहाचा गाव न् काहाचं काय. इंदूबाई, तुमचं एखांदं पातय द्या मले नेसाले."

त्या आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर इंदूबाईंचं निळं पातळ होतं आणि हातात त्यांचं स्वतःचं, अजून अंगाची ऊब असलेलं. त्याला चुलीच्या धुराचा, तंबाखूच्या मिश्रीचा आणि एसटीच्या धुळीचा वास होता. इंदूबाईंनी गाठ मारली. आचल आत गेली, काठाची मूठ तोंडाशी नेली आणि दोन हेलकाव्यांत झोपली.

 नागसेन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

निघताना पार्बताबाई सुनेला म्हणाल्या, "हे रोज घरी नेजो. रातच्यानं आंगावर घेऊन झोपजो, सकायी इथं आनजो. हयूहयू माया वास जाईन, तुया लागन. धुजो नोको मात्र."

"कधीच नाही, आई?"

"घान नाई करत का थे? बाप्पा, इस्त्री नोको करू एवढंच!" आणि मग दोघी सासू-सुना अशा हसल्या की झोळी हलली, पण आचल जागी झाली नाही.

सोमवारी प्रणाली कामावर गेली. पार्बताबाई रविवारी मुलाकडे येत राहिल्या. पावसाळ्यात एकदा कामाच्या दिवशी दुपारी त्या इथे आल्या, खुंटीवरचं हिरवं पातळ घेतलं आणि त्यात तोंड खुपसलं.  "इंदूबाई," त्या म्हणाल्या, "हे आता माह्यं नाई रायलं." त्यांनी पातळाची नीट घडी केली, खुंटीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. त्या आवाजात किती भार होता आणि किती हलकेपणा, ते मला तोलता आलं नाही. जन्मभर वजनं पेलूनही.

मित्रांनो, आता माझ्यावर झोळ्या कमी चढतात. बरीच लेकरं गादीवर झोपतात. मला काढून तिथे कॅमेरा बसवावा, असंही मध्यंतरी कोणी सुचवलं. बसवा हो, पण शेजारी बसवा. मला अधूनमधून तेलाचं एक बोट पुरतं. उद्या तुम्ही मोठे व्हाल, आपल्या लेकरासाठी अशी जागा शोधायला निघाल. विचारायचं ते सगळं विचारा. पण एकदा मान वर करून, ज्याच्यावर तुमचं लेकरू टांगलं जाणार आहे ते हाताने ओढून पाहा.

आणि आज घरी गेल्यावर विचारा, तुमची झोळी कोणाच्या पातळाची होती. एखाद्या पेटीच्या तळाशी ते अजून सापडेल. सापडलं, तर धुऊ नका.