मागे मारलेली गाठ

अन्सार मिस्त्रीच्या फटफटीला लोक बिऱ्हाड म्हणायचे. तो कारंज्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, घर धनजला. लढाई संपल्यावर लष्करी लिलावातून आलेली ही गाडी तिथल्या शेठनं त्याला रोजच्या जाण्यायेण्याला दिली होती. तिच्यावर मेणकापड, घोंगडी, कोरड्या चिंध्या, जादा प्लग, सगळं बांधलेलं. हस्ताचा पाऊस लागला की त्यात आणखी भर. "अन्सारभाई, चूलबी बांधून घ्या न आता," असं बाजारात कोणी म्हटलं की तो हसायचा. पावसानं आपल्याला कधी बेसावध गाठलं नाही याचा त्याला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर त्याची तयारी होतीही तशीच.

त्या दुपारी मागे मेहरबी होती. पाच वर्षांची लेक, आजोळाहून घरी निघालेली. गाडीवर पोरांना डुलकी लागते, म्हणून अन्सारनं बायकोची जुनी ओढणी दोघांभोवती गुंडाळून घेतली. कपाशी वेचणाऱ्या बाया लेकरू पाठीला बांधतात तसंच. फक्त त्या बाया गाठ छातीवर मारतात. पुढची गाठ टाकीला घासते, म्हणून यानं ती सासूकडून मागे, पोरीच्या पाठीवर मारून घेतली. चांगली कचकचून.

धनजच्या अलीकडच्या नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं आणि वर लख्ख ऊन. त्यानं खुशाल गाडी घातली. वरच्या शिवारात केवढा पाऊस कोसळून गेला होता, ते इथं कसं कळणार? मधोमध चाक रेतीत रुतलं, गाडी कलंडली आणि अन्सारचा पाय तिच्याखाली सापडला. तो कसाबसा उठून बसतो तोच पाणी गढूळ झालं.

गढूळ पाणी म्हणजे वरून लोंढा येतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"अब्बा, पाणी पोटाला लागलं," मागून मेहरबी म्हणाली.

त्यानं हात मागे नेले. बोटांची टोकं गाठीला लागत होती, पण भिजून ती दगड झाली होती. ओढणी वर सरकेना, खाली सरकेना. पोरीचं डोकं त्याच्या खांद्याच्याही खाली होतं. त्याच्या छातीला पाणी लागेल तेव्हा तिच्या नाकात जाईल, हे त्याला कळलं आणि तो जनावरासारखा ओरडला.

"अब्बा, गळ्याला लागलं."

काठावर तांड्यातला फुलचंद गायींसाठी गवत कापत होता. तो विळ्यासकट पाण्यात उतरला आणि धडपडत येऊन धारेत तोल सांभाळायला त्यानं फटफटीचं हँडल धरलं. एका हातात हँडल, एका हातात विळा. पोरीला धरायला तिसरा हात कुठला?

"कापू काय? कापलं त पोरगी धारेले लागन, अन्सारभाई!"

"नको कापू!"

"पाणी चढून राह्यलं न! तिच्या तोंडात चाललं!"

बांधलेली राहिली तर बुडणार, सोडली तर वाहणार. मेहरबी आता काही बोलत नव्हती.

"काप!"

ओढणी सैल झाली आणि पाठीवरचं ओझं एकदम गेलं. अन्सारला मागे वळता येईना. "धरली काय? फुलचंद, धरली काय रे?" उत्तर आलं नाही. नुसता पाण्याचा आवाज. त्यानं पुन्हा विचारलं, मग विचारण्याचीही भीती वाटून तो गप्प झाला.

फुलचंद त्याच्या बाजूनं पुढे आला तेव्हा विळा कुठंच नव्हता. पोरीच्या झग्याची कॉलर त्यानं दातांत धरली होती, बोलणार कुठून? एका हातानं तिला छातीशी आवळत तो काठाला लागला, तिला गवतावर टाकलं, परत येऊन गाडी खांद्यानं रेटली. अन्सारचा पाय सुटला. फटफटी बिऱ्हाडासकट वाहून गेली आणि तिकडे कोणी पाहिलंही नाही.

मेहरबी खोकली, ओकली, मग रागारागानं रडली. ती अन्सारच्या पुढ्यात, मांडीवर बसली होती. एका हातानं त्यानं तिला घट्ट धरलं होतं, आणि तरी त्याचा दुसरा हात पुन्हा पुन्हा आपल्या पाठीवर जात होता, तिला चाचपत.