बुडीआधीचा श्वास

त्या दिवशी मी ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत बसले, तेही पाय मुरगळला म्हणून. तळ्याची पाळ उतरताना घसरले, नि रेवताबाईनं धरून तिच्या ओसरीवर नेलं.

नऊ वर्षं मी या गावची आरोग्यसेविका. टोलीत बसायची मला सवय नव्हती. खाली वाळत घातलेल्या मासळीचा वास, ओल्या लाकडांचा धूर, आणि माझं नाक लाखनीच्या धानवाल्या घरातलं. पाळीवरच स्कूटी थांबवायची, बंदही करायची नाही. दम्याचा पंप ज्याच्या त्याच्या हाती द्यायचा, "रोज दोनदा, ओढायचा अन् श्वास रोखून धरायचा" एवढं सांगायचं नि निघायचं. गावातल्या पुंडलिकरावांना मात्र मी त्यांच्या घरी बसून, चहा पीत, पंप ओढून दाखवायला लावला होता. तीनदा चुकले. चौथ्यांदा जमला.

रेवताबाई पायाला हळद-चुना लावत म्हणाली, "एवढ्या वर्षांत आज बसल्या, सिस्टरबाई. तेबी पायानं बसवलं म्हणून."

"टोमणा मारता का मावशी?"

"मारतो ना. फुकटात भेटला तं काहून सोडू?"

हसली तशी तिची छाती वाजू लागली, बारीक, पोकळ बांबूतून वारा जावा तशी. "थांबा, सकाळचा पंप राहिला," म्हणत तिनं कोनाड्यातून पंप काढला.

तिनं आधी छाती भरून श्वास घेतला. नाक चिमटीत धरलं. मग पंप ओठांत धरून दाबला, आणि गाल फुगवून, डोळे मिटून बसून राहिली. औषध आत जायला जागाच नव्हती. ते जिभेवर बसलं.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"तुमीच तं सांगतलं, श्वास रोखा म्हणून! आमाले कोन शिकवते श्वास रोखाले? जाळं पाण्यातल्या खुंटाले अडकलं का बुडी मारूनच सोडवतो आमी. पहिले छाती भराची, मंग बंद. भरल्या छातीत पानी नाही शिरत."

पाणी शिरत नाही. औषधही शिरत नाही.

"टोलीत सगळे असाच घेतात?"

"सगळे. धुरपतानं शिकवलं मले. तिची बुडी साऱ्यात लांब."

धुरपता. पौषात दम्यानं गेली ती. चाळिशीही उलटली नव्हती.

मी रेवताबाईला पंप परत धरायला लावला. आधी श्वास सोडा, छाती रिकामी करा, आता दाबता दाबता हळूहळू ओढा, मग रोखा. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. "अगाई, हा तं खाली उतरला!" ती लहान पोरीसारखी म्हणाली. मला हसता आलं नाही.

दिवाळीनंतर धुरपतानं पाळीवर येऊन मला जीभ दाखवली होती. "पांढरं आलं जी, मीठबी झोंबते." मी स्कूटीवरूनच म्हटलं, "खर्रा सोड, तंबाखूनं होतं ते." तसं पांढरं या औषधानंच येतं, ते तोंडात साचत राहिलं की. पंप घेणाऱ्याच्याच जिभेवर येतं. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हिला फरक का नाही? मी सांगितलं, "घेत नसेल. ही टोलीची माणसं घेत नाहीत." आणि तिच्या नवऱ्यालाही बजावलं, "तुझी बायको पंप घेत नाही, लक्ष ठेव."

लंगडत तिच्या नवऱ्याच्या, खुशालच्या घरी गेले. तो अंगणात जाळं विणत होता. उठून त्यानं पोतं अंथरलं.

"खुशालदादा, धुरपता पंप घेत होती."

त्याचे हात थांबले. "तुमीच तं म्हटलं होतं, नाही घेत."

"मी चुकले. रोज घेत होती ती. कसा घ्यायचा, ते मी नीट दाखवलं नव्हतं."

त्यानं तळ्याकडे पाहिलं. तळ्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते, एक पांढरा बगळा त्यांवरून पाय उचलत चालला होता.

"लय भांडलो मी तिच्यासंग," तो म्हणाला. "घेतो ना जी, म्हने. देवाची आन घेतली तिनं. मी म्हटलं, सिस्टरबाई कायले खोटं बोलन? तूच खोटी. आखरीचे पंधरा दिस बोललो नाही तिच्याशी. भाकर ठेवे समोर, मी पाहो नाही तिच्याकडं."



"मंग ते खोटी नव्हती?"

"नाही, दादा."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. सुई परत हातात घेतली, एक गाठ मारली, ती चुकली, सोडवली.

"हे तवा सांगाचं होतं, बाई," तो हळूच म्हणाला. "आयकाले ते होती."