पोपटी मिन्याचं झाकण

चनमल्लप्पानं घड्याळ हातात घेतलं आणि लगेच ओळखलं. आतलं यंत्र विलायती, पण झाकण त्यानंच घडवलेलं. वर भट्टीत भाजून चढवलेला पोपटी मिना, कडेनं बारीक माणकं, आत मालकाचं नाव. मुडबीचे वकील श्रीनिवासराव. रझाकारांच्या धामधुमीत ते उदगीरला म्हणून निघाले आणि वाटेतच नाहीसे झाले, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

"आतलं नाव खरडून काढा," समोरचा अनोळखी माणूस म्हणाला. "बिदरात तुमच्यावाणी मिन्याचं काम कुणाला जमत न्हाई म्हणतेत."

"कुणाचं नाव हाय?"

"तुम्हाला कामून पायजे? परवा येतो."

चनमल्लप्पानं मान डोलावली. वकिलांनी हे घड्याळ कधी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. चावीसुद्धा ते स्वतःच द्यायचे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं तो मुडबीला गेला. वकिलांच्या बायकोनं, शारदाबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"हैदराबादेत दिसले म्हणतेत," त्या म्हणाल्या. "आमची शेती बघणाऱ्या जगदेवप्पांना कुणीतरी सांगितलं. त्यांच्यामुळंच घर चाललंय बघा. जगदेवप्पा, जरा भाईर येता का?"

आतून कालचाच माणूस आला.

चनमल्लप्पाला पाहून तो दारातच थांबला. मग हसला, शेजारी येऊन बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बिदरचे मिनागार व्हय? लई लांब आलात. चला, मोटारीपर्यंत सोडतो. शेतातून जवळची वाट हाय."

हात जड होता. शारदाबाई एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिल्या. घरात चौथं कुणी नव्हतं. गप्प राहिलो तर ती वाट चालावी लागणार, हे चनमल्लप्पाला कळून चुकलं. त्यानं खिशातलं घड्याळ काढून बाईंच्या हातावर ठेवलं.

"अक्का, हे काल यांनी माझ्याकडं दिलं. नाव काढायला."

शारदाबाईंनी झाकण उघडलं. आतल्या नावावरून बोट फिरवून त्या जगदेवप्पाकडं वळल्या.

"कुठं हायती ते?"

जगदेवप्पा उठला आणि पायात चपलाही न घालता निघाला. शारदाबाईंच्या हाकेनं धावलेल्या गावकऱ्यांनी त्याला शिवेवर गाठलं. संध्याकाळी त्यानंच शेतातली बुजवलेली विहीर दाखवली.

शारदाबाईंनी घड्याळ परत दिलं. म्हणाल्या, "हे घरात नको." चनमल्लप्पानं ते घेतलं, पण मिना चढवायला बसलं की ती विहीरच समोर यायची; त्यानंतर त्यानं मिन्याची भट्टी काही पेटवली नाही.